खाडीकाठची सहल

सुट्टी लागली की समुद्रकाठी जावे असे कोणाला वाटत नाही? कोणी अलिबागला जातो, कोणी मुरूडला. ज्यांच्याकडे पैसा आहे ते परदेशीही जातात. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर बोद्रुम नावाचे गाव आहे. तेथे पाण्याला लागून एक जुना किल्ला आहे, बंदरात लाकडी होड्या उभ्या असतात. तो किल्ला पाहायला आणि त्या होड्यांतून फिरायला दूरदूरच्या देशांतून लोक येतात.

आता तुम्ही कल्याण, डोंबिवली, मुंब्रा किंवा ठाणे येथे राहत असाल, तर थोडा विचार करा. किल्ला, बंदर, होडी, पक्षी हे सारे तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. रोज गाडीच्या खिडकीतून ते दिसतेही. कल्याणहून धीम्या गाडीने ठाण्याकडे जाताना मुंब्र्याजवळ डाव्या हाताला डोंगर असतो आणि उजव्या हाताला रुंद, करड्या पाण्याची खाडी. बहुतेक लोक तिकडे बघतही नाहीत.

ही खाडी म्हणजे उल्हास नदीचे शेवटचे रूप. सह्याद्रीत बोरघाटाजवळ उगम पावलेली ही नदी कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करते. कल्याणपासून पुढे तिच्यात समुद्राचे पाणी मिसळते आणि वसईजवळ ती अरबी समुद्राला मिळते. ठाण्याजवळून दुसरी एक खाडी दक्षिणेकडे ऐरोली, वाशीवरून मुंबईच्या बंदराकडे जाते. या दोन खाड्यांमुळे ठाणे ते वांद्रे हा सारा प्रदेश खरे तर एक बेट आहे. त्याचे नाव साष्टी. या बेटावर सहासष्ट गावे होती, त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात.

सहलीची सुरुवात कल्याणपासून करा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकात या बंदराचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत जे शिलालेख आहेत, त्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. मोगल काळात या शहराला इस्लामाबाद म्हणत. काळा तलाव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तळ्याकाठी त्या काळातील काळ्या दगडाची मशीद आहे, तीही पाहा. १६५७ साली कल्याण आणि भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. त्यानंतर याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजे बांधली जाऊ लागली. त्या कामावर काही पोर्तुगीज कारागीरही होते. दुर्गाडी किल्ल्याच्या टेकडीवरून खाली पाहिले की खाडी कशी वळते ते नीट दिसते. जहाजे बांधायला हीच जागा का निवडली, हे तेथे उभे राहिल्यावर न सांगता कळते. भारतीय नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही युद्धनौकाही अलीकडे याच काठावर आणली आहे.

येथे भाषेची एक गंमत सांगतो. तुम्ही उर्दू शाळेत शिकता, म्हणून ती तुम्हांला लगेच समजेल. उर्दूत ‘बंदर’ म्हटले की झाडावर उड्या मारणारा प्राणी आठवतो. मराठीत त्याला माकड म्हणतात, आणि बंदर म्हणजे जहाजे लागण्याची जागा. हा शब्द फारसीतून आला. कोकणातले कोळी समुद्राला ‘दर्या’ म्हणतात, होडीच्या मालकाला ‘नाखवा’ म्हणतात. नाखवा म्हणजे तुमचाच ‘नाखुदा’. खलाशी, बुरूज, किल्ला हे शब्दही तसेच. ‘आरमार’ हा शब्द मात्र पोर्तुगिजांकडून आला. व्यापारी आणि खलाशी माल उतरवून निघून गेले, शब्द येथेच राहिले.

ठाण्याचे नावही जुन्या प्रवाशांना ठाऊक होते. अकराव्या शतकात अल-बिरूनीने ‘ताना’ ही कोकणची राजधानी असल्याचे लिहिले आहे. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने येथील कातडे आणि सुती कापड यांची नोंद केली. त्याने आणखी एक मजेदार गोष्ट लिहून ठेवली आहे. येथला राजा समुद्रातील चाच्यांकडे काणाडोळा करी. अट एवढीच, की लुटीतले घोडे त्याला मिळाले पाहिजेत. घोड्यांना त्या काळी फार किंमत होती. ठाण्याच्या पुढे खाडीवर ‘घोडबंदर’ आहे. अरबस्तानातून आणलेले घोडे तेथे उतरत, म्हणून ते नाव पडले असे म्हणतात. पोर्तुगिजांनी ठाण्यात बांधायला घेतलेला किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. आज तेथे तुरुंग आहे, तेव्हा तो बाहेरूनच पाहावा लागतो! स्टेशन मात्र आतून पाहता येते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली भारतातील पहिली प्रवासी गाडी येथेच आली. तिला तीन इंजिने होती आणि त्यांची नावे होती साहिब, सिंध आणि सुलतान. पुढच्या वर्षी खाडीवर पूल बांधून गाडी कल्याणपर्यंत आली. हळूहळू माल होड्यांऐवजी रेल्वेने जाऊ लागला आणि जुन्या बंदरांचे महत्त्व कमी होत गेले.

आता पक्ष्यांकडे वळू. हिवाळा सुरू झाला की ठाण्याच्या खाडीत उंच पायांचे, गुलाबी रंगाचे पक्षी येतात. यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. त्यांतले बरेचसे गुजरातमधील कच्छहून येतात आणि मे महिन्यापर्यंत राहतात. काही वर्षी त्यांची संख्या एक लाखावर गेली आहे. चिखलातले सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव खाल्ल्यामुळे त्यांना तो गुलाबी रंग येतो. २०१५ मध्ये खाडीचा हा भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला. ऐरोली येथे वनविभागाचे माहिती केंद्र आहे, तेथून होडीने पक्षी पाहायला जाता येते.

पण होडीची वेळ घड्याळ ठरवत नाही, चंद्र ठरवतो. ओहोटीला खाडीत चिखल उघडा पडतो आणि पक्षी त्यावर चरतात. होडी चालायला मात्र पाणी हवे. भरतीची वेळ काढण्याचा कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता मुंबईच्या किनाऱ्यावर भरती पूर्ण होते. थोडाफार फरक पडतो, आणि खाडीत आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो. तुम्हांला तिथी माहीत नसेल, पण चांद तर माहीत असतो. चौदावीचा चंद्र म्हणजे जवळजवळ पौर्णिमाच. त्या सुमारास भरती दुपारी बारा वाजण्याच्या आगेमागे येते आणि ती मोठी असते. तिला उधाण म्हणतात. चांदाच्या सात-आठ तारखेला भरती लहान असते. एकदा घरी हिशेब मांडून पाहा आणि मग काठावर जाऊन तो बरोबर आला का ते तपासा.

खाडीच्या दोन्ही बाजूंना तिवरांची झाडे आहेत. त्यांच्या मुळांची टोके पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली दिसतात. झाड त्यांतून श्वास घेते. ही झाडे माती धरून ठेवतात, लाटांचा जोर कमी करतात आणि कोळंबीच्या व माशांच्या पिल्लांना आसरा देतात. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरे तोडण्यास मनाई केली. तरी भराव घालण्याचे प्रकार होतच असतात.

खाडीतले पाणी मात्र स्वच्छ नाही. शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रासायनिक पाणी वर्षानुवर्षे त्यात येत आहे. ठाण्यातील चेंदणी कोळीवाड्यातील लोक पिढ्यान्‌पिढ्या याच खाडीवर जगले. आता मासे फार कमी मिळतात. याच सांडपाण्यामुळे शेवाळ वाढते आणि म्हणून रोहित पक्षी येथे जमतात, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. म्हणजे ज्या पाण्यामुळे कोळ्याचे जाळे रिकामे राहिले, तेच पाणी पाहुण्या पक्ष्याचे ताट भरते. पक्षी पाहताना ही गोष्टही लक्षात असू द्या.

एक दिवस जास्त मिळाला तर खाडीच्या मुखापर्यंत जा. डोंबिवलीजवळच्या कोपर स्टेशनवरून वसई रोडची गाडी मिळते. ती खाडी ओलांडून भिवंडीवरून जाते. वसईचा किल्ला सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगिजांकडे होता. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकला. तटाच्या आत पडक्या चर्चच्या भिंती आणि उंच ताडाची झाडे आहेत. वसईहून भाईंदरला जाणाऱ्या मोठ्या बोटीत २०२४ पासून माणसांबरोबर गाड्याही चढतात. बाजारात सुकवलेली केळी मिळतात, त्यांना सुकेळी म्हणतात. ती जरूर घ्या. परतीच्या गाडीची वेळ मात्र स्टेशनवर उतरताच विचारून ठेवा, कारण या मार्गावर गाड्या थोड्या आहेत.