फायबर की पीयू? मोटारीचा साज आणि खिशाचा हिशेब



दिवाळी नुकतीच सरली होती. सांगोल्याकडचा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. डाळिंबाचे चार पैसे हाती आले होते, त्यांतून त्याने एक जुनी मोटार घेतली होती. मोटार चालायला ठणठणीत, पण पुढचा बंपर फुटलेला. तो नुसता बदलण्याऐवजी मोटारीला ‘बॉडी किट’ बसवावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. बॉडी किट म्हणजे मोटारीच्या पुढे, मागे आणि दारांच्या खाली बसवायचे घडीव भाग. एका अर्थाने मोटारीचा साजच. तो म्हणाला, “सर, एक दुकानदार म्हणतो फायबरचं घ्या, स्वस्त पडतंय. दुसरा म्हणतो पीयूचं घ्या, तुटत नाही. तुम्हीच सांगा, काय करू?”

त्याच्याबरोबर त्याचे वडीलही आले होते. ते कोपऱ्यात बसून ऐकत होते. चहा झाल्यावर म्हणाले, “मास्तर, गाडी नटवायला ह्याच्याकडं पैसं हायती, अन् ठिबकच्या नळ्या बदलायला न्हाईत. तेवढं बी इचारा त्याला.”

श्रोतेहो, या दोन वाक्यांत आजच्या भाषणाचा सगळा विषय आला. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. रसायनशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण वस्तूची किंमत आणि वस्तूवर होणारा खर्च या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र मला सांगता येते. तेव्हा आधी हे दोन पदार्थ काय आहेत ते पाहू, मग हिशेब मांडू.

आपल्याकडची जुनी माळवदाची घरे आठवा. भिंत लिंपताना मातीत भुसा किंवा गवत कालवीत. नुसती माती वाळली की तडकते. गवताचे तंतू तिला धरून ठेवतात. फायबरग्लासचे तत्त्व हेच. काचेचे केसासारखे बारीक तंतू म्हणजे येथले गवत, आणि रेझिन नावाची कृत्रिम राळ म्हणजे येथली माती. साच्यावर तंतूंची चटई अंथरायची, हार्डनर मिसळलेली राळ ब्रशने चोपडायची, पुन्हा चटई, पुन्हा राळ. काही वेळाने ते आपोआप दगडासारखे टणक होते. भट्टी नको, मोठे यंत्र नको. साचा आणि कसबी हात असले की पुरे.

म्हणूनच थोडा माल काढायचा असेल तेव्हा फायबर परवडते. मोटारीचा पत्रा दाबून काढायचे पोलादी साचे फार महाग पडतात. हजारो मोटारी खपल्या तरच तो खर्च वसूल होतो. अमेरिकेत 1953 साली शेवरोले कंपनीने कॉर्व्हेट मोटार काढली, तिचे अंग फायबरग्लासचे होते, आणि पहिल्या वर्षी अवघ्या 300 मोटारी तयार झाल्या. आपल्या शेजारच्या बंगळूरात 1982 च्या सुमारास सिपानी कंपनीने ‘डॉल्फिन’ नावाची छोटी मोटार काढली, तिचेही अंग फायबरचेच. पुढे 1983 च्या डिसेंबरात पत्र्याच्या अंगाची मारुती आली आणि डॉल्फिन मागे पडली. तात्पर्य, फायबर स्वस्त असते ते हलक्या प्रतीचे म्हणून नव्हे. ते बनवायला भांडवल थोडे लागते म्हणून.

आता दुसरा पदार्थ. ‘पीयू’ म्हणजे पॉलियुरेथेन. 1937 साली जर्मनीत ऑटो बायर या शास्त्रज्ञाने याचा पाया घातला. आपल्या घरात तो कधीच शिरला आहे: खुर्चीच्या गादीतला फोम, फ्रिजच्या भिंतीत भरलेला फेस, पुष्कळशा बुटांचे तळ, हे सारे त्याचेच भाऊबंद. मोटारीच्या भागांसाठी दोन पातळ द्रव्ये यंत्राने जोरात एकत्र करून बंद साच्यात सोडतात. तेथे त्यांचा संयोग होऊन रबरासारखा चिवट भाग तयार होतो. यंत्र आले, भक्कम साचा आला, म्हणजे किंमतही आली.

दोहोंतला फरक सोलापूरकरांना एका वाक्यात सांगता येईल. फायबर म्हणजे आपली कडक भाकरी. पीयू म्हणजे तव्यावरून नुकती उतरलेली. कडक भाकरी दाबली की मोडते, ताजी भाकरी वाकते. गतिरोधकावर घासले, पाणंदीतल्या दगडाला टेकले, की फायबरला चीर जाते किंवा टवका उडतो. पीयू वाकून बहुधा पुन्हा जागेवर येते.

मग पीयूच घ्यावे की काय? थांबा. मोडलेली कडक भाकरी आमटीत कुस्करता येते! फायबर फुटले तर मागून चटई आणि राळ लावून पुन्हा सांधता येते. पाण्याच्या टाक्या किंवा होड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही हे काम जमते. पीयू फाटले तर ही राळ त्याला नीट धरत नाही. त्याचा चिकटद्रव वेगळा, आणि त्यातला जाणकार प्रत्येक गावी मिळेलच असे नाही. शिवाय आपला उन्हाळा पाहा. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा उन्हात पीयूची लांब पट्टी, मधे आधार नसेल तर, झोळीसारखी ओघळते. तिला आतून धातूची पट्टी आणि पुरेसे स्क्रू हवेत. रंगही नेहमीचा चालत नाही; त्यात लवचिकपणा आणणारे द्रव्य घालावे लागते, नाहीतर भाग वाकतो आणि रंग तडकतो.

आता हिशेब. पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत; बाजारभाव तुम्ही स्वतः विचारा. समजा, पुढचा भाग फायबरचा 8,000 रुपयांना आणि पीयूचा 14,000 रुपयांना मिळतो. फायबरचा भाग हाताने घडलेला, त्यामुळे तो गाडीला नेमका बसेलच असे नाही. घासणे, पुट्टी भरणे, बसवणे यांचे 3,000 धरा. पीयूच्या बसवणीचे 1,000 धरा. रंगाचा खर्च सोयीसाठी सारखाच मानू. म्हणजे फायबर 11,000 आणि पीयू 15,000. फरक सहा हजारांचा नव्हे, चार हजारांचा. फायबरच्या प्रत्येक दुरुस्तीला आणि रंगाला 1,500 लागले, तर दोन ठोकरींनंतर फायबर 14,000 वर जाते आणि तिसऱ्या ठोकरीला 15,500 होऊन पीयूच्या पुढे निघून जाते.

म्हणून दुकानात “स्वस्त कोणते?” असे विचारण्याआधी स्वतःला विचारावे: “वर्षाकाठी माझ्या गाडीचा हा भाग कितीदा घासतो?” शहरात सपाट रस्त्यावर फिरणाऱ्याला फायबर पुरेल. ज्याला रोज पाणंदीने जायचे आहे, त्याने खाली येणारा पुढचा भाग पीयूचा घ्यावा. जो भाग उंचावर असतो, म्हणजे ज्याला ठोकर लागत नाही, तो फायबरचा चालेल. सगळा साज एकाच पदार्थाचा असला पाहिजे असा काही नियम नाही.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात. फायबरचा भाग उलटा करून मागची बाजू बघा: बुडबुडे, राळ न पोचलेले पांढरे कोरडे डाग, कुठे जाड तर कुठे पातळ, असे असेल तर सोडून द्या. पीयू म्हणून दिलेल्या भागाच्या आतल्या बाजूला बहुधा पदार्थाचे नाव छापलेले असते. तेथे ‘पीपी’ असेल तर तो पॉलिप्रॉपिलीन हा वेगळा प्लास्टिक आहे. आजकाल कारखान्यातून येणारे पुष्कळसे बंपर त्याचेच असतात. रंग देण्यापूर्वी भाग गाडीला लावून पाहा. रंगवलेला माल परत घ्यायला कोण राजी होणार? आणि पक्की पावती घ्या. घरी फायबर घासायची हौस असेल, तर नाकातोंडावर चांगला मास्क आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच घासा. काचेची ती धूळ वाईट. हार्डनरचा थेंब डोळ्यात जाणे त्याहून वाईट. मुलाबाळांना लांब ठेवा.

सर्वांत आधीची गोष्ट शेवटी सांगतो, कारण ती विसरू नये. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने गाडीत मनमानी बदल करायला बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हे कलम ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. गाडीपुढे बसवतात त्या लोखंडी क्रॅश गार्डांवर कारवाई करा, असे केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवले होते. तेव्हा दिवे, नंबरपाटी किंवा रेडिएटरची हवा झाकणारा, गाडीचा मूळ घाट बदलणारा साज घेऊच नये. शंका असल्यास आरटीओ कचेरीत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावे, आणि मगच पैसे मोजावेत.

शिक्षकबंधु-भगिनींना एक सुचवतो. वर्गात मुलांकडून मातीच्या दोन पट्ट्या करून घ्या, एक नुसत्या मातीची आणि एक भुसा घातलेली. वाळल्यावर दोन्ही वाकवून पाहू द्या. विज्ञानाचा धडा होईल; आणि वरचा हिशेब फळ्यावर मांडलात तर गणिताचाही.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. आम्ही तिघांनी कागद-पेन्सिल घेऊन त्याच्या घरापासून बाजारापर्यंतचा रस्ता डोळ्यांपुढे आणला. पाणंद दीड मैलाची, तीवर ओढ्याचा उतार, पुढे गतिरोधक. पाच भागांच्या साजातले चार भाग कागदावरच गळाले. आरटीओत विचारून त्याने फुटलेल्या बंपरच्या जागी मूळ घाटाचा नवा बंपर आणि त्याखाली पीयूची एक अरुंद पट्टी, एवढेच घेतले. उरलेल्या पैशांत ठिबकच्या नळ्या आल्या. जाताना वडील म्हणाले, “मास्तर, गाडी बी नटली अन् बाग बी भिजंल.”