मनाचा वापसा

वऱ्हाडातील काळी जमीन मोठी कसदार आहे. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत ती पूर्णेच्या खोऱ्यातून दूरवर पसरली आहे. तथापि, मृगाचा मोठा पाऊस कोसळताच कोणी जाणता शेतकरी पेरणीला धावत नाही. चिंब जमिनीत पडलेले बी कुजून जाते. पाणी निचरून माती मोकळी झाली, म्हणजे जमिनीला वापसा आला असे म्हणतात. मगच तिफण चालते. वापशावाचून पेरलेले बी उगवले नाही, तर तो जमिनीच्या कसाचा दोष नव्हे.

मनुष्याच्या स्मरणशक्तीचेही असेच आहे. दुःखाने किंवा चिंतेने मन भरून गेले असता वाचलेले ध्यानात राहत नाही. शिक्षणासाठी गाव सोडून अमरावती-अकोल्याच्या वसतिगृहांत राहणाऱ्या एखाद्या तरुणावर असा प्रसंग येतो. घरी बोंडअळीने कपाशी बुडालेली असते, कर्ज फिटलेले नसते आणि इकडे परीक्षा तोंडावर आलेली असते. तो रात्ररात्र पुस्तक उघडून बसतो. पण सकाळी त्याला काहीच आठवत नाही. आपली बुद्धीच मंद झाली, असे त्याला वाटू लागते. खरे कारण मात्र निराळे असते.

स्मरणात तीन क्रिया असतात : ग्रहण, साठवण आणि आठवण. मनाची खिन्नता या तिन्ही क्रियांत अडथळा आणते.

मन एका वेळी चार-पाच गोष्टीच आपल्यासमोर धरू शकते. त्यांतील दोन-तीन जागा काळजीने अडविल्या, तर अभ्यासाला जागा उरत नाही. डोळे ओळींवरून फिरतात, पण अर्थ आत उतरत नाही. जे आत गेलेच नाही, ते पुढे आठवणार कसे?

साठवणीचे काम मेंदूत चालते. तेथे दोन्ही कानशिलांच्या आतील बाजूस हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहान भाग आहे. नव्या आठवणी पक्क्या करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मनावर ताण आला की मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून कॉर्टिसोल नावाचे द्रव्य रक्तात येते. थोड्या वेळापुरते ते उपकारकच असते; ते शरीराला सावध करते. परंतु कित्येक आठवडे त्याचे प्रमाण वाढलेले राहिले, तर हिप्पोकॅम्पसचे काम मंदावते. शिवाय चिंतेने झोप उडते. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे पुष्कळसे काम झोपेतच होत असल्यामुळे हे नुकसान दुहेरी होय.

आता आठवणीची क्रिया पाहा. मनाचा जसा भाव असेल, तशाच आठवणी अधिक सहजतेने वर येतात, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन बॉवर यांनी १९८१ साली मांडले. खिन्न मनुष्याला परीक्षेत आलेले अपयश चटकन आठवते. पण बक्षीस मिळाल्याचा दिवस आठवत नाही. अशा दुःखद आठवणींनी खिन्नता वाढते आणि वाढलेली खिन्नता आणखी दुःखद आठवणी वर काढते. हे रहाटगाडगे एकट्याने थांबविणे कठीण असते.

सुदैवाने हे रहाटगाडगे थांबविता येते. मन सावरले की स्मरणशक्तीही पुष्कळ अंशी सावरते. त्यासाठी पुरेशी झोप, आपल्या माणसांशी मोकळे बोलणे आणि नियमित व्यायाम यांचा चांगला उपयोग होतो. अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे व्यायामाची परंपरा या भागाला परिचित आहे. व्यायामाने शरीर बळकट होते, त्याचप्रमाणे मनाची खिन्नताही कमी होते, असे संशोधनात आढळले आहे.

तथापि, खिन्नता दीर्घकाळ टिकली, तर तो आजार असतो आणि त्याला उपचारच हवेत. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा एक उपक्रम राबविण्यात आला. त्यात प्रशिक्षित कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांना मनाच्या आजारांविषयी समजावून सांगत व पीडितांना धीर देत. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. आरंभी नैराश्याने ग्रासलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण सुमारे २७ झाले. मदत जवळ आली आणि लाज दूर झाली, म्हणजे माणसे पुढे येतात, हेच यावरून दिसते. भारत सरकारनेही २०२२ साली ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ हा आहे.

घरातील थोरला भाऊ किंवा वर्गातील सोबती अलीकडे सारखा विसरत असेल, गप्प राहत असेल, तर त्याला ‘विसरभोळा’ म्हणून हिणवू नये. आधी त्याच्याजवळ बसावे, त्याच्या मनावर कसले ओझे आहे ते आपुलकीने विचारावे आणि ते ओझे मोठे असेल, तर वडीलधाऱ्यांना किंवा शिक्षकांना सांगावे. पाठ केलेले विसरणे हा अपराध नव्हे. दुःखात असलेल्या माणसाला एकटे सोडणे मात्र योग्य नव्हे.