घरांतला परका

गेल्या दिवाळींत आमचे चिरंजीव चार दिवस धर्माबादेस येऊन गेले. पंगतीस शेजारीं बसले, निघतांना वांकून नमस्कारहि केला. परंतु बोलणें झालें तें काय तें आगगाडीच्या वेळेचें. एकत्र कुटुंबांत दुराव्यास जागाच नसते, असा आजवर आमचा समज होता. ते गेल्यावर त्यांच्या कपाटांत दोन पुस्तकें सांपडलीं. तीं वाचल्यापासून जी रुखरुख लागली, ती वाचकांपुढें मांडीत आहों.

पहिलें पुस्तक प्रागचे लेखक फ्रान्झ काफ्का यांची ‘मेटॅमॉर्फॉसिस’ ही कथा. मूळ जर्मन, १९१५ सालीं प्रसिद्ध झालेली. ग्रेगोर साम्सा हा फिरता विक्रेता आईबापांचें कर्ज फेडण्यासाठीं राबत असतो. एके सकाळीं तो जागा होतो, तों आपला प्रचंड किडा झाला आहे असें त्यास दिसतें. आरंभीं बहीण त्यास खाऊं घालते. पुढें बाप सफरचंद फेकून मारतो, तें पाठींत रुतून बसतें. आणि शेवटीं तीच बहीण त्यास घरांतून घालविण्याची भाषा बोलते. मिळवता हात थांबला कीं माणूस घरच्यांस ओळखूं येईनासा होतो, हें काय परदेशांतच घडतें?

दुसरें आपल्या मराठींतील : भालचंद्र नेमाडे यांची १९६३ सालची ‘कोसला’. खानदेशांतील सांगवीचा पांडुरंग पुण्यास शिकावयास जातो, वडिलांचा पैसा उधळतो आणि हात हलवीत गांवीं परततो. वडील पैशाचा हिशेब धरतात. मुलगा मनांतलें सांगत नाहीं. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानें जाते. तें दुःख मात्र कोणत्याच वहींत मांडतां येत नाहीं.

आम्ही उभा जन्म मास्तरकी केली. मुलास पत्रें धाडलीं तीं आधीं गुणांविषयीं, मागाहून पगाराविषयीं. माया नव्हती असें नाहीं, विचारपूस नव्हती.

कठोपनिषद् आम्ही अनेकदां वाचलें, पण नचिकेत्याच्या पहिल्या वराकडे कधीं नीट लक्ष दिलें नव्हतें. रागाच्या भरांत बापानें त्यास मृत्यूच्या हवालीं केलें होतें. तरीहि आत्मविद्येच्या आधीं त्यानें मागितलें तें हेंच, कीं बापाचा राग शमावा, आणि आपण परत गेल्यावर त्यानें ओळखून आपल्याशीं बोलावें.

प्रत्येक मुलगा हा वर तोंडानें मागेलच असें नाहीं. बापानें तो आपण होऊन द्यावा. काल आम्ही चिरंजीवांस पत्र लिहिलें. पगार विचारला नाहीं. ‘तुझीं दोन्ही पुस्तकें वाचलीं, आलास म्हणजे बोलूं,’ एवढेंच लिहिलें.