ब्रिटनमध्ये फॉर्म्युला वन वर्गणीच्या कुंपणाआड
ब्रिटनमध्ये २०११ पर्यंत फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचे थेट प्रक्षेपण वेगळ्या वर्गणीशिवाय पाहता येत असे. खर्चकपातीच्या दडपणाखाली बीबीसीने २०१२ पासून हे हक्क ‘स्काय’ या सशुल्क वाहिनीबरोबर वाटून घेतले. २०१६ मध्ये बीबीसीची जागा चॅनल फोरने घेतली. २०१९ पासून मात्र सिल्व्हरस्टोनची ब्रिटिश ग्रां प्री वगळता सर्व शर्यतींचे थेट प्रक्षेपण स्कायकडे गेले. इतरांच्या वाट्याला उरली ती क्षणचित्रे. विम्बल्डनची अंतिम लढत खुल्या वाहिनीस उपलब्ध करून देण्याचे बंधन तेथील कायद्यात आहे. फॉर्म्युला वनला ते संरक्षण नाही. २०२१ मध्ये हॅमिल्टन आणि व्हर्स्टापेन समान गुणांवर असताना झालेली अबुधाबीची निर्णायक शर्यत चॅनल फोरवर थेट दिसली, तीही स्कायने औदार्य दाखवले म्हणून.