राजाने नेले ते गेले, भिक्खूने कोरले ते राहिले!

चीनमध्ये सुंदर हस्ताक्षराला चित्रकलेइतकाच मान आहे. या कलेतील सर्वश्रेष्ठ कलावंत म्हणून चौथ्या शतकातील वांग शी-चिह याचे नाव घेतले जाते. इ.स. ३५३ च्या वसंतात त्याने लान-थिंग येथे ओढ्याकाठी मित्रांना जमविले. तिथे रचलेल्या कवितांना त्याने प्रस्तावना लिहिली. अवघ्या २८ ओळी, ३२४ अक्षरे! त्यात एकच अक्षर सुमारे वीस वेळा येते, पण दर वेळी त्याचे वळण निराळे.

पुढे तीनशे वर्षांनी सम्राट ताई-त्सुंग या अक्षरांच्या नादी लागला. त्याच्या माणसाने मूळ प्रत एका वृद्ध भिक्खूकडून युक्तीने काढून नेली, असे सांगतात. सम्राटाने तिच्या नकला करविल्या, मूळ प्रत मात्र स्वतःपाशी ठेवली. इ.स. ६४९ मध्ये तो वारला तेव्हा ती त्याच्याबरोबर थडग्यात गेली, अशी परंपरा आहे. आज वांगच्या हातचे एकही अस्सल पान उरलेले नाही.

मग ही अक्षरे टिकली कशी? नकलांमुळे आणि एका शिळेमुळे.

नालंदेत शिकलेले, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेलेले भिक्खू ह्युएन त्संग इ.स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी परतले. त्यांच्या भाषांतरांना याच सम्राटाने प्रस्तावना लिहिली. ती दगडावर कोरायचे ठरले, तेही वांगच्या अक्षरात! पण वांगला जाऊन तीनशे वर्षे झालेली. तेव्हा भिक्खू ह्वाई-जेन यांनी वांगच्या लेखनातून एकेक अक्षर वेचले. जे सापडले नाही ते निरनिराळ्या अक्षरांचे भाग जुळवून तयार केले. वर्षानुवर्षांच्या या कष्टातून इ.स. ६७२ मध्ये सुमारे १,९०० अक्षरांची शिळा उभी राहिली. ह्युएन त्संग यांनी भाषांतरित केलेले प्रज्ञापारमिता हृदय सूत्रही तिच्यावर आहे. ती आज शिआन शहराच्या शिलालेख संग्रहालयात आहे.

शिळेवर ओला कागद दाबून बसवायचा आणि वरून शाईची पुरचुंडी हलकेच ठोकायची. कागद काळा होतो, अक्षरे पांढरी उमटतात. असे ठसे समोर ठेवून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी अक्षर गिरविले. विद्या एकट्याने दडवली की त्याच्याबरोबर मातीत जाते, दहाजणांना दिली की टिकते.

मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात ह्युएन त्संगांचे नाव येईल, तेव्हा त्यांना या शिळेचीही गोष्ट जरूर सांगा.