तंबाखूच्या डब्यावरचा माणूस

पोस्टाची तिकिटे, नाणी, काड्यापेटीचे छाप जमविणारे आपणां सर्वांच्या परिचयाचे असतात. तंबाखूचे रिकामे डबे जमविणारे मात्र विरळा. मांडव्यास माझे वडील ज्या वाडीची राखण करतात, तेथील मालकांच्या कपाटात असे पुष्कळ विलायती डबे मांडलेले आहेत. त्यांतील काहींवर एकच आकृती पुनःपुन्हा दिसते. काळाकुट्ट माणूस, जाड लाल ओठ, डोक्याला पिसे आणि कमरेला पाने!

ही आकृती मूळची लंडनची. सतराव्या शतकात तेथील तंबाखूच्या दुकानांबाहेर अशा लाकडी बाहुल्या उभ्या करीत. बहुतेक गिऱ्हाइके निरक्षर. चित्रावरून दुकान ओळखावयाचे. पिसे ही अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची. पण व्हर्जिनियात १६१९ पासून आफ्रिकी माणसे आणली गेली आणि पुढे तंबाखूचे मळे त्यांच्याच गुलामीवर चालू लागले. लंडनच्या कारागिराने बहुधा यांपैकी कोणालाच पाहिले नव्हते. त्याने दोघांचा एक माणूस केला आणि त्याला तंबाखूचीच पाने नेसविली. मळ्यात राबणाराच जाहिरातीत हसतमुख उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात रंगीत शिळाछाप स्वस्त झाला, तेव्हा अशी चित्रे कागदावरून व पत्र्यावरून घरोघर गेली. अमेरिकेत एका तंबाखूचे नावच कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवी होते. पुढे त्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलण्यात आले. (व्यापारातील काटकसर म्हणतात ती हीच असावी.)

या चित्राचा खोटेपणा ओळखण्यास आपल्याला दूर जावयास नको. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० साली त्याने खडकी वसविली, तेच पुढचे औरंगाबाद. मांडव्याच्या दक्षिणेस, थळसमोरचे उंदेरी बेट १६८० मध्ये सिद्दीने घेतले. जंजिऱ्याचे सिद्दींचे राज्य तर १९४८ पर्यंत टिकले. आमच्या किनाऱ्यावर त्यांची दहशत होती, हे खरेच. पण पाने नेसलेला विदूषक म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची कोणाची छाती नव्हती.

मग हे डबे ठेवावेत की फेकावेत? अमेरिकेतील डेव्हिड पिल्ग्रिम या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने लहानपणी अशी पहिली वस्तू विकत घेतली ती आपटून फोडण्यासाठी. पुढे मात्र त्यांनी अशा हजारो वस्तू जमविल्या. मिशिगनमधील फेरिस स्टेट विद्यापीठात त्यांचे ‘जिम क्रो म्युझियम’ झाले आहे. तेथे वस्तूसोबत तिचा इतिहासही सांगितला जातो. मला हाच मार्ग पटतो. नुसत्या शोभेसाठी कपाटात मांडलेला डबा आपले जुने काम पुन्हा करू लागतो.

आपल्याकडे वेष्टनाचा वाद झाला, तो थोर पुरुषाच्या नावावरून. संभाजी महाराजांचे नाव बिडीला नको, अशी मागणी झाली आणि २०२१ मध्ये ‘संभाजी बिडी’ची ‘साबळे बिडी’ झाली. योग्यच झाले. पण ज्यांच्या नावाने कोणी उपोषणास बसत नाही, त्यांचे काय? आपल्या जिल्ह्यात कातकरी वाड्या आहेत. तेथील माणसे वीटभट्टीवर जातात, त्यांची मुले शाळेत येतात. पाने नेसलेला कातकरी मी आजवर पाहिलेला नाही. तरीही स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ म्हटले की तोंडाला काजळी, कमरेला डहाळ्या आणि ‘हुर्र हुर्र’ हे ठरलेलेच. गेल्या वर्षी अशाच एका संमेलनात दोन कातकरी मुले प्रेक्षकांत बसली होती. नाच सुरू झाला, शिट्ट्या पडू लागल्या, तशी ती उठून बाहेर गेली.