वाण ही नोंद की साचा?

लातूरच्या दुकानातून सोयाबीन बियाण्याची पिशवी घेतली, तर तिच्यावरचा लॉट नंबर आणि चाचणीची तारीख त्या लॉटमधल्या पिशव्यांपुरती असते. ‘एमएयूएस-७१’ हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठाचं, ही माहिती मात्र वाणाची. डेटाबेस आखताना पेच इथेच पडतो. सोयाबीनखाली हे वाण एक नोंद असतं आणि पिशव्यांसाठी तेच साचा ठरतं.

नेहमीच्या आखणीत साचा आणि नोंद असे दोनच स्तर असतात. म्हणून वाणाचं एक टेबल, पिशवीचं दुसरं, आणि कुठला नियम कुठे लागू हे प्रोग्रामरने सांभाळायचं. चुका इथेच होतात. कॉलिन अ‍ॅटकिन्सन आणि थॉमस क्यूने यांनी २००१ मध्ये मांडलेल्या बहुस्तरीय पद्धतीत नियम वरूनच सांगता येतो: सोयाबीनच्या स्तरावर लिहायचं, की दोन पायऱ्या खालच्या प्रत्येक पिशवीवर उगवणशक्ती नोंदवलेली हवी. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला ती किमान ७० टक्के लागते.

नांदेडच्या संशोधन केंद्राचं ‘नांदेड-४४’ हे कापसाचं संकरित वाण याच व्यवस्थेत आणायचं, तर ‘पीक’ हा आणखी एक स्तर वर घ्यावा लागतो. सोयाबीन आणि कापूस या त्याच्या नोंदी. उगवणशक्तीची किमान मर्यादा ज्याची त्याची वेगळी.